गाम्बेलातली पांढरी : परदेशात शेतजमीन घेणाऱ्या भारतीय कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
परदेशात शेतजमीन भाडेपट्ट्याने घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या भारतीय कंपन्यांचे संचालक,
तसेच अशा प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्था यांस,

स. न. वि. वि.

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, मृदशास्त्र शिकलेला माणूस. २०११ साली एका भारतीय कंपनीच्या नोकरीत इथिओपियाच्या पश्चिम टोकाला, गाम्बेला प्रांतात माती तपासायला गेलो आणि तिथे दीड वर्ष राहिलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिने पुढे गाशा गुंडाळला, आणि मला सांगायचं आहे ते एका कंपनीपुरतं नाही. डाळी, तेलबिया, कापूस यांच्यासाठी बाहेर जमीन घेण्याची भाषा अधूनमधून पुन्हा कानावर येते. असल्या प्रकल्पाच्या अहवालात एक रकाना हमखास असतो : सुरक्षा. त्यात दोन ओळी असतात, परिस्थिती नियंत्रणात आहे आणि सरकारचं संरक्षण उपलब्ध आहे. त्या रकान्याविषयी मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण तसला एक अहवाल भरायला माझाही हात लागला आहे.

माती तपासायचं काम तसं साधं. ठरावीक अंतरावर ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, फिरवायचा, वीत-वीत माती वर काढायची, रंग बघायचा, चिमूटभर ओली करून बोटांत मळून बघायची, पिशवीत भरून आत चिठ्ठी टाकायची. गाम्बेलाची माती पाहून पहिल्या दिवशी मी हरखून गेलो होतो. बारो नदीच्या काठची काळीभोर, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पायाला किलो-किलोने चिकटणारी जमीन. आमच्या ज्वारीच्या रानाची थोरली बहीणच. ज्वारी मुळात त्याच बाजूची, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातली, हे कॉलेजात वाचलं होतं. तिथे तिची कणसं डोळ्यांनी पाहिली तेव्हा आपण परक्या मुलखात आहोत असं वाटेचना.

एके दिवशी एका ठिकाणी ऑगर वर आला तो वेगळीच माती घेऊन. राखाडी, भुसभुशीत, हाताला पिठासारखी. वीस पावलांवर पुन्हा तीच. तिसऱ्या भोकातून खापराचा तुकडा आणि चुलीत भाजल्यासारखा तांबडा मातीचा ढेकूळ आला. मी मान वर केली. सात आंब्याची झाडं होती, मोठी, बुंध्याला मिठी न मावणारी. रानात आंबा असा उगवत नाही, तो कोणीतरी दारापुढे लावलेला असतो.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोनच भाग, काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेणाचे सारवण, पडलेल्या भिंतींची माती मिळून पांढरी होते. गाव उठलं तरी पांढरी उठत नाही. माझ्या आईचं माहेर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवाचं देऊळ वर येतं, तसं आजोळच्या गावाचं जोतंही उघडं पडायचं आणि मामा आम्हाला तिथे नेऊन दाखवायचे : हा उंबरा, ही न्हाणी, इथे तुझ्या आईचा पाळणा. उठलेलं गाव कसं दिसतं हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून ठाऊक आहे.

तरीही त्या संध्याकाळी तंबूत बसून मी छापील फॉर्मवर "वस्ती : आहे / नाही" यातल्या "आहे"वर काट मारली. त्या दिवशी तिथे कोणी राहत नव्हतं, एवढ्यापुरतं ते खरं होतं.

आमच्याबरोबर तिथल्या अनुआक समाजातला एक पोक्त मजूर होता. निर्वासितांच्या छावणीतल्या शाळेत तो कामापुरतं इंग्रजी शिकला होता. आंबे कोणी लावले, असं मी त्याला तिथेच विचारलं. त्याने आंब्याखाली सावलीला बसलेल्या दोन बंदूकवाल्या शिपायांकडे एकदा पाहिलं आणि पाणी आणायला निघून गेला. तीन आठवड्यांनी नदीकाठी आम्ही दोघंच होतो तेव्हा मी न विचारता तो म्हणाला, ते माझ्या आत्याचं गाव. मारामारीच्या साली सगळे सीमेपलीकडे पळाले. काही परत आले, पण इथे राहायला घाबरतात. बंदुका घेऊन कोण फिरतंय हे त्यांना लांबून दिसतं.

त्याची "मारामारीची साल" म्हणजे २००३. ती समजायला थोडं मागे जावं लागतं.

गाम्बेला हा इथिओपियाचा सखल, उष्ण, पाणथळ कोपरा. दक्षिण सुदानच्या सीमेला लागून. अनुआक, नुएर, माजांग, ओपो, कोमो असे समाज तिथे राहतात. राज्य मात्र कायम थंड डोंगराळ भागातल्या लोकांनी केलं. १९०२ च्या करारानंतर ब्रिटिशांनी बारोच्या काठी व्यापारी ठाणं थाटलं, कारण तिथून बोटीने थेट खार्टुमपर्यंत जाता येई. पुढे सम्राट गेला आणि १९७५ साली लष्करी राजवटीने देशातली सगळी जमीन सरकारजमा केली. १९८४-८५ च्या दुष्काळात उत्तरेतले हजारो लोक ट्रकमध्ये घालून गाम्बेलात आणून वसवले; स्थानिकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. सोव्हिएत मदतीने अल्वेरो नदीवर धरण झालं, सरकारी कापसासाठी. त्याच काळात पलीकडच्या सुदानमधल्या यादवीतले बंडखोर इथे तळ ठोकून होते आणि इटांग, पिन्यूदोच्या छावण्या निर्वासितांनी भरल्या होत्या. कोणाची लढाई कोणाच्या रानात चालली आहे, हे सांगणं कठीण झालं होतं.

आणि मग १३ डिसेंबर २००३. शहराजवळ एका सरकारी गाडीवर हल्ला होऊन आठ जण मारले गेले. आरोप अनुआकांवर आला. सैनिक आणि डोंगराळ भागातून आलेल्यांचे जमाव गाम्बेला शहरात अनुआकांच्या घरांवर तुटून पडले. त्या दिवसांत चारशेच्या वर अनुआक मारले गेले, असं मानवी हक्क संघटनांनी नावानिशी मोजलं. पुढचे कित्येक महिने खेड्यांतून सैन्याची मोहीम चालू राहिली आणि हजारो लोक सीमा ओलांडून सुदानमधल्या पोचालाकडे गेले. २००७ च्या जनगणनेत सगळ्या प्रांताची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. एवढ्याशा प्रांतात हजारो लोक पळाले म्हणजे काय होतं, याचा हिशेब करून बघा. गावंच्या गावं मोकळी झाली.

त्यानंतर पाचच वर्षांनी, २००८ साली, जगात धान्याचे भाव भडकले आणि "मोकळ्या" जमिनीचा शोध सुरू झाला. सरकारने गाम्बेलाची जमीन गुंतवणूकदारांपुढे मांडली. बंगळूरच्या करुतुरी ग्लोबलने, जी गुलाबाच्या फुलांसाठी जगात नावाजलेली होती, २०१० मध्ये एक लाख हेक्टरचा पन्नास वर्षांचा करार केला आणि काम दाखवल्यास आणखी दोन लाख हेक्टरचं आश्वासन मिळवलं. खंड किती? हेक्टरी वर्षाला २० बिर, म्हणजे त्या वेळच्या आपल्या पैशांत साठ-सत्तर रुपये. आमच्या भागात त्या पैशांत खंडाने एक वाफाही कोणी देणार नाही. तिच्यामागोमाग आणखी भारतीय कंपन्या आल्या. मुंबईच्या शापूरजी पालनजींचा करार शेजारच्या बेनिशांगुल-गुमुझ प्रांतात पन्नास हजार हेक्टरचा होता, करंजाच्या लागवडीसाठी. सौदी अरेबियाशी जोडलेल्या सौदी स्टार कंपनीने गाम्बेलातल्या अबोबोजवळ दहा हजार हेक्टर भातासाठी घेतली आणि पाणी घेतलं त्याच जुन्या सोव्हिएत काळातल्या धरणाचं.

हे करार पुढे सार्वजनिक झाले. करुतुरीचा करार मी आजवर अनेकदा वाचला आहे. सरकारने जमीन कोणत्याही अडथळ्याविना, मोकळी करून ताब्यात द्यायची, असं एक कलम त्यात आहे. आणखी एक कलम आहे : दंगल, गोंधळ किंवा अशांततेच्या काळात कंपनी मागेल तेव्हा तिला पुरेसं संरक्षण विनामूल्य पुरवायचं.

ही दोन कलमं मी तुम्हाला शेजारी-शेजारी ठेवून वाचायला सांगतो. पहिल्यात सरकार सांगतं, मी जमीन मोकळी करून देतो. दुसऱ्यात सरकार सांगतं, मोकळी केल्यावर जे होईल त्याला मी बंदूक लावतो. मुंबईत किंवा बंगळुरात बसलेल्या वकिलाने ही कलमं आपल्या अशिलाच्या हितासाठीच घातली असतील, त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण गाम्बेलात "बंदूक" म्हणजे कोण, हे त्याला माहीत नव्हतं. २००३ च्या डिसेंबरात ज्या सैन्याने दारं फोडली, तेच सैन्य २०११ मध्ये आमच्या ट्रॅक्टरमागे उभं होतं. ज्या माणसाच्या आत्याचं गाव त्या सैन्याला भिऊन उठलं, त्याच गावच्या पांढरीवर मी त्या सैन्याच्या पहाऱ्यात ऑगर फिरवत होतो.

त्याच वर्षांत सरकारची गावं एकत्र करण्याची मोहीम चालू होती. विखुरलेल्या वस्त्यांतल्या लोकांना नव्या गावांत हलवायचं आणि तिथे शाळा, दवाखाना, पाणी द्यायचं, असं तिचं सांगणं. गाम्बेलात तीन वर्षांत ४५ हजार कुटुंबं हलवायचं ठरलं होतं. जमीन करारांशी या मोहिमेचा संबंध नाही, असं सरकार शेवटपर्यंत म्हणत राहिलं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेचा जानेवारी २०१२ चा अहवाल वेगळं सांगतो : लोक मर्जीने गेले नाहीत, विरोध करणाऱ्यांना मारहाण झाली, नव्या जागी ना शेत तयार होतं ना शाळा. मी स्वतः दोन नवी गावं पाहिली. एका गावात शाळेचा पाया खणून ठेवला होता आणि त्यात पावसाचं पाणी साचलं होतं.

"पडीक" या शब्दाबद्दलही सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. अनुआक शेतकरी नदीकाठी पूर ओसरल्यावर ओलीवर मका पेरतो. उंचवट्यावरचं रान काही वर्षं कसतो आणि मग पड ठेवतो, दहा वर्षांनी पुन्हा येतो. माजांग तर जंगलातच शेत आणि मधमाश्यांची पोळी सांभाळतात. आपल्या आजोबांनीही जमीन पड ठेवली आहे. पड ठेवलेली जमीन म्हणजे बेवारस जमीन, असं त्यांना कोणी म्हटलं असतं तर काठी घेऊन उठले असते. गाम्बेलात उपग्रहाच्या चित्रावर या पड जमिनी आणि हिंसेने उठलेली गावं दोन्ही एकाच हिरव्या रंगात दिसतात. त्या हिरव्या रंगाला "उपलब्ध" म्हटलं गेलं.

त्याची किंमत कंपन्यांनाही मोजावी लागली. २०११ च्या पावसाळ्यानंतर बारोला पूर आला, बांध फुटले आणि करुतुरीचा मका वाहून गेला. पुराचं पाणी कुठल्या झाडापर्यंत येतं हे नदीकाठच्या कोणत्याही म्हातारीने सांगितलं असतं. पण ज्या जमिनीचे जाणते लोक अडथळा म्हणून बाजूला काढले, तिथे विचारणार कोणाला?

२८ एप्रिल २०१२ रोजी अबोबोजवळ सौदी स्टारच्या तळावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. पाच कामगार मेले, त्यांत एक पाकिस्तानी होता. आमच्या तळावर ती बातमी सकाळी आली. आदल्या रात्रीपर्यंत आम्ही ज्यांच्याबरोबर चहा घेत होतो त्या मजुरांची नोंदवही मागवली गेली, कोण कुठल्या गावचा याची यादी झाली. पुढच्या आठवड्यांत सैन्याने आसपासच्या गावांत धरपकड, मारझोड केली. त्याहून वाईट गोष्टीही ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवल्या आहेत. आमचा तो पोक्त मजूर त्या यादीनंतर कामावर आला नाही. तो पळाला की त्याला नेलं, मला आजवर कळलेलं नाही. मी त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तो जिवंत असेल अशी माझी आशा आहे.

हल्ला करणाऱ्यांचं समर्थन मी करत नाही. मेलेले पाचही जण पोटासाठी आलेले होते, माझ्यासारखेच. मला एवढंच म्हणायचं आहे की तो धोका तुमच्या अहवालातल्या "बाह्य जोखीम" या मथळ्याखाली मावत नाही. तो करारानेच पेरलेला होता.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. करुतुरीने इतक्या वर्षांत त्या एक लाख हेक्टरांतला अगदी थोडाच भाग लागवडीखाली आणला आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने करार रद्द केला. दरम्यान डिसेंबर २०१३ पासून दक्षिण सुदान पुन्हा पेटलं आणि काही वर्षांत गाम्बेलात निर्वासितांची संख्या स्थानिकांच्या बरोबरीला आली. १५ एप्रिल २०१६ रोजी सीमेपलीकडून मुर्ले जमातीच्या टोळ्या आल्या, दोनशेहून जास्त माणसं मारली आणि शंभरावर मुलं पळवून नेली. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात देशाच्या दुसऱ्या भागात, बहिर दारजवळ, सरकारविरोधी उठावात परदेशी फुलशेती पेटवली गेली. गाम्बेलातले भूखंड एकमेकांवर चढलेले आहेत, एकच जमीन दोघांना दिली गेली आहे, हेही तेव्हाच सरकारी तपासणीत उघड झालं. ज्या राजवटीने हे सगळे करार केले, ती दोनच वर्षांत कोसळली.

आता आपल्या घराकडे या. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. पुण्यातला डॉक्टरसुद्धा सातबारावर आजोबांचं नाव शोधत फिरतो. परदेशी नागरिक तर सोडाच, न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्याच भावाला फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांमुळे भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, फक्त वारशाने मिळू शकते. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या संकटाचा फायदा घेऊन कोणी आपल्या कंपन्या ताब्यात घेऊ नयेत म्हणून, शेजारच्या देशांतून येणाऱ्या कोणत्याही गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. तुमच्यापैकी कित्येकांनी तेव्हा त्याचं स्वागत केलं असेल. मीही केलं.

बाकीचे देशही असेच वागतात. २००८ मध्ये रशियाशी युद्ध हरलेल्या जॉर्जियात पंजाबी शेतकरी जमिनी घेऊ लागले, तेव्हा २०१३ मध्ये परदेशी लोकांना जमीन विकायला स्थगिती आली आणि २०१८ पासून शेतजमीन नागरिकांचीच, असं राज्यघटनेतच आलं. युक्रेनने २०२१ मध्ये जमिनीचा बाजार खुला केला, पण परदेशी खरेदीदाराला सार्वमताशिवाय प्रवेश नाही आणि रशियनांना तर कधीच नाही. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सला एका चिनी कंपनीने ३७० एकर घेतले, जवळ हवाई दलाचा तळ होता. हवाई दलाचं पत्र आलं आणि २०२३ मध्ये नगरपरिषदेने प्रकल्प मोडीत काढला.

ज्यांच्या हाती सत्ता आहे ते जमिनीच्या बाबतीत आधी आपली सुरक्षा बघतात, विकत घेणारा कोण आहे, त्याच्यामागे कोण आहे हे विचारतात. गाम्बेलातल्या बाईला हाच प्रश्न पडला तर तो विचारायला खिडकी नाही. तिच्या बाबतीत सुरक्षा म्हणजे तुमच्या यंत्रांची सुरक्षा.

आपण महाराष्ट्रातले लोक तर हे शंभर वर्षांपूर्वी भोगून बसलो आहोत. १९२१ मध्ये मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या विजेसाठी धरण आलं तेव्हा मावळे "जान किंवा जमीन" म्हणत बांधावर बसले, सेनापती बापट त्यांच्याबरोबर तुरुंगात गेले. तेव्हाही जमीन संपादन करून द्यायला आणि पोलीस पुरवायला सरकारच होतं, आणि ते सरकार परकं होतं. धरण झालं, गावं गेली. मुंबईत वीज आली, ती आजही येते. पण मुळशीचं नाव काढल्यावर मावळातल्या म्हाताऱ्याचा चेहरा आजही कसा होतो, तो पाहा. तुमच्यातल्या कित्येकांची कार्यालयं त्या विजेवर उभी राहिली आहेत, म्हणून तर हे तुम्हाला सांगतो.

गाम्बेलातले ओबांग मेथो, जे स्वतः अनुआक आहेत आणि २००३ च्या हत्याकांडानंतर परदेशातून आवाज उठवत राहिले, त्यांनी भारतीय जनतेला उद्देशून खुलं पत्र लिहिलं होतं. तुम्ही स्वतः वसाहतीचे चटके खाल्लेले लोक आहात, आमच्याकडे येताना ते विसरू नका, असा त्याचा आशय होता. २०१३ च्या फेब्रुवारीत ते दिल्लीला येऊन बोललेही. त्या बैठकीच्या आयोजकांत पुण्याची कल्पवृक्ष ही संस्था होती. माझ्या माहितीत एकाही कंपनीने त्यांना जाहीर उत्तर दिलेलं नाही. हे पत्र उशिराचं आहे आणि एका साध्या नोकरदाराचं आहे, पण ते उत्तर म्हणूनही वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे.

आणखी एका माणसाबद्दल सांगतो. ओमोत अग्वा हे गाम्बेलातले पाद्री. गावं हलवण्याच्या मोहिमेबद्दल अनुआक निर्वासितांनी जागतिक बँकेकडे तक्रार केली, बँकेचं तपासणी पथक २०१४ मध्ये आलं, तेव्हा त्यांनी दुभाष्याचं काम केलं. मार्च २०१५ मध्ये अन्नसुरक्षेवरच्या एका कार्यशाळेसाठी नैरोबीला निघाले असताना त्यांना विमानतळावर पकडलं आणि दहशतवादाचे आरोप ठेवले. दोन वर्षांहून जास्त काळ ते तुरुंगात होते. बँकेपुढे लोकांचं म्हणणं नुसतं दुसऱ्या भाषेत सांगायचीही ही किंमत होती. म्हणून तुमचा माणूस जाऊन आला आणि "स्थानिकांचा विरोध आढळला नाही" असं त्याने लिहिलं, तर त्या वाक्याला कागदाची किंमत देऊ नका. मलाही त्या आंब्याखाली विरोध आढळला नव्हता.

माझं मागणं काय, तेही सांगतो. आफ्रिकेत जाऊच नका, असं मी म्हणत नाही. तिथे कष्टाने नाव कमावलेली भारतीय माणसं मी पाहिली आहेत, आणि आपल्याला डाळ लागते हेही खरं. पण डाळ हवी असेल तर डाळ विकत घ्या. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकबरोबर तूर खरेदीचा करार केला. तिथली तूर बहुतांश छोटे शेतकरी आपल्याच रानात पिकवतात. बियाणं, गोदामं, रस्ते, हमीभाव यांत पैसा घाला. सोळा वर्षं यादवी भोगलेला तोही देश आहे, पण तिथे जमिनीचा मालक कोण हा प्रश्न तुम्ही निर्माण करत नाही.

आणि जमीन घ्यायचीच असेल तर पाण्याच्या आणि मातीच्या अहवालाबरोबर त्या जमिनीच्या मागच्या तीस-चाळीस वर्षांच्या भांडणाचाही अहवाल तयार करा. कोण कधी पळालं, कोणाच्या भीतीने, ते आता कुठे आहेत, परत आले तर कुठे राहतील. तो लिहिणारा माणूस सरकारी गाडीतून आणि शिपायांच्या पहाऱ्यात जाणारा नसावा. मोकळी करून देण्याचं कलम करारातून काढा. जमीन रिकामी करून मागितली की ती कोणीतरी रिकामी करतं, आणि ते कसं करतं हे तुम्हाला कधीच सांगितलं जात नाही. मोफत संरक्षणाचं कलम तर सहीआधीच खोडा. ज्या शेताला उभं राहायला सैन्य लागतं ते शेत तोट्यातच जाणार, हे गाम्बेलाने दाखवलं आहे.

बँकांना वेगळं सांगतो, कारण खरी लगाम तुमच्या हातात आहे. इथिओपियाच्या साखर उद्योगाला आपल्या एक्झिम बँकेने ६४ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. त्यातला तेंदाहोचा प्रकल्प अवाश नदीच्या खोऱ्यात अफार पशुपालकांच्या जुन्या कुरणांवर उभा आहे. त्यांचीही भांडणं, त्यांचाही इतिहास आहे. कर्जाच्या फाईलमध्ये तो इतिहास नसेल तर फाईल अपुरी आहे म्हणून परत पाठवा. सातबारा नसलेल्या जमिनीवर तुमची मंगळवेढ्याची शाखा मला पन्नास हजार तरी देते का?

शेवटी एक विनंती, अगदी छोटी. २०११ च्या त्या माती तपासणीचे कागद ज्यांच्याकडे असतील, मग ती कंपनी असो, तिला कर्ज देणारी बँक असो की पुढे ती जमीन घेणारा कोणी, त्यांनी माझ्या अक्षरातल्या तेवढ्या एका पानावर दुरुस्ती करून घ्यावी. "वस्ती : नाही" हे खोडून तिथे लिहावं : वस्ती आहे. पांढरी, खोली अंदाजे अडीच फूट. खापरं, चुलीची माती. आंब्याची सात झाडं, फळ धरलेली.

कळावे,
आपला नम्र,
गाम्बेलात काम केलेला एक माती परीक्षक
मंगळवेढा, जि. सोलापूर